वैद्य होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनी प्रथम कोणते शिक्षण निवडावे?

[सुवर्णमहोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी पालक व विद्यार्थी यांच्या सभेत दिलेले व्याख्यान]



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी गतकालाचे गुणगान करावे, असा शिष्टसंप्रदाय आहे. आणि ते काम माझ्यापूर्वी बोललेल्या वक्त्यांनी उत्तम रीतीने केलेच आहे. मजकडे फादरांनी जो विषय सोपविला, तो भविष्यकालाचा आहे. आपल्या धर्मग्रामात आज दहावी-बारावीच्या वर्गांत असलेल्या मुलामुलींना ‘तुला कोण व्हावयाचे आहे?’ असे विचारले, तर निम्मी मुले ‘डॉक्टर’ असे उत्तर देतात. ही इच्छा थोर आहे. ज्या मंडळींनी आपल्या आईवडिलांना सिस्टरांच्या लहानशा दवाखान्यात बरे होताना पाहिले, त्यांच्या लेकरांच्या मनात ही इच्छा उत्पन्न व्हावी, यात नवल ते काय? परंतु इच्छा थोर असली म्हणजे मार्गही आपोआप नीट सापडतो, असे नाही. तो मार्ग कसा निवडावा, याविषयी तीस-बत्तीस वर्षे विज्ञान शिकविलेल्या एका निवृत्त शिक्षकाने आपल्याशी दोन शब्द बोलावेत, इतकाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

आरंभीच एक कबुली दिली पाहिजे. २०१७ साली माझ्या वर्गातील एक मुलगा बारावी उत्तीर्ण झाला. मुलगा सालस, कष्टाळू. वडील लोहारा तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत त्यास ७२० पैकी ३१० गुण मिळाले. वडील मजकडे सल्ला विचारण्यास आले, तेव्हा मी म्हणालो, “आणखी एक वर्ष द्या, मुलगा हुशार आहे.” त्यांनी जमिनीचा एक तुकडा गहाण टाकून मुलास लातुरास शिकवणीला ठेवले. दुसऱ्या वर्षी ३५२ गुण झाले. पुन्हा ते आले, पुन्हा मी तेच म्हणालो. तिसऱ्या वर्षी ३४९! त्यानंतर मला विचारण्यास कोणी आले नाही. तो मुलगा रविवारी मिस्सेला येईनासा झाला, कारण दारात भेटणारा प्रत्येक मनुष्य त्यास निकाल विचारी. आज तो पुण्यास औषधांच्या दुकानात कामाला आहे. मागील नाताळात तो भेटला, माझ्या पाया पडला आणि एका शब्दानेही त्याने मला दोष दिला नाही. त्याने दोष दिला असता, तर बरे झाले असते, असे मला वाटले. त्या सल्ल्यात माझी कोणती चूक झाली, तेच मी आज सांगणार आहे.

प्रथम या शिक्षणाची व्यवस्था नीट समजून घेऊ. आपल्यापैकी काहींचे आप्त अमेरिकेत असतात. तिकडून ऐकू येते की, वैद्यकीय शाळेत जाण्यापूर्वी चार वर्षांची एखादी पदवी घ्यावी लागते. ते खरे आहे. परंतु तिकडे खरे आहे. अमेरिकेत विद्यार्थी प्रथम रसायन, जीवशास्त्र, इतिहास, संगीत यांपैकी कोणत्याही विषयाची पदवी घेतो. त्याबरोबर जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र इत्यादी ठराविक पाठ पुरे करून प्रवेशपरीक्षा देतो आणि मग चार वर्षांच्या वैद्यकीय शाळेत जातो. आपल्याकडे तसे नाही. जुन्या काळी मॅट्रिकनंतर इंटर सायन्सची परीक्षा देऊन वैद्यकीय महाविद्यालयात जाता येत असे. आज बारावीनंतर थेट जावयाचे असते. बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, वयाची सतरा वर्षे प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हावयास हवीत, आणि ‘नीट’ ही परीक्षा उत्तीर्ण व्हावयास हवी. ती परीक्षा मराठीतूनही देता येते. एम. बी. बी. एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी करावी लागते. सरकारी महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यास आपल्या राज्यात पुढे एक वर्ष सेवेचे बंधनही असते.

मग ‘प्रथम कोणती पदवी घ्यावी’ हा प्रश्न आपल्याकडे उरतच नाही, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे उलट आहे. आपल्याकडे तो प्रश्न अमेरिकेपेक्षा अधिक कठीण स्वरूपात उभा राहतो. परंतु तो जून महिन्यात, निकालाच्या दुसऱ्या दिवशी, रडत्या डोळ्यांनी उभा राहतो, एवढाच भेद.

आकडे पाहा. २०२४ साली संपूर्ण देशात तेवीस लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली. तेरा लाखांहून अधिक मुले ‘पात्र’ ठरली. एम. बी. बी. एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आतच होत्या, आणि त्यांतील सुमारे निम्म्याच सरकारी महाविद्यालयांतील. म्हणजे ‘पात्र’ या शब्दाचा अर्थ ‘प्रवेश मिळाला’ असा मुळीच नव्हे. त्या वर्षी पात्र ठरलेल्या दहांपैकी एकासही जागा मिळाली नाही. खासगी महाविद्यालयाचे शुल्क आपल्या शेतकरी, शिक्षक व मजूर कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे असते, हे वेगळे सांगावयास नको. ‘मुलगी पात्र झाली’ म्हणून पेढे वाटणाऱ्या आणि चार महिन्यांनी तोंड लपविणाऱ्या घरांची मला पुष्कळ माहिती आहे.

आपल्या भागाची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १९५६ साली औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९६३ साली सोलापुरास, पुढे अंबाजोगाईस व नांदेडास, २००२ साली लातुरास आणि अखेर २०२२ साली आपल्या धाराशिवास शंभर जागांचे महाविद्यालय सुरू झाले. राज्यातील सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातील मुलांसाठी ठेवण्याचा जो नियम होता, तो मराठवाड्यात महाविद्यालये थोडी असल्यामुळे आपल्या मुलांना जाचक वाटे. तो २०२० साली रद्द झाला. दारे वाढली खरी. परंतु दाराशी उभे राहणारेही वाढले.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ज्यास वैद्य व्हावयाचे आहे, त्याने दुसरा मार्गही पहिल्या मार्गाबरोबरच, त्याच दिवशी आणि तितक्याच सन्मानाने निवडावा. तो दुसरा मार्ग असा असावा की, वैद्यकीय महाविद्यालयाचे दार कधीच उघडले नाही, तरी त्या शिक्षणावर मनुष्यास समाधानाने आणि स्वाभिमानाने आयुष्य काढता यावे. मी त्या शेतकऱ्यास ‘आणखी एक वर्ष द्या’ म्हणालो, यात माझी अर्धीच चूक होती. ‘आणि त्या वर्षात मुलगा दुसरे काय शिकेल?’ हे मी विचारले नाही, ही माझी पूर्ण चूक होय.

या संदर्भात एका थोर स्त्रीचे चरित्र आठवते. मेरी ग्लाउरी ही ऑस्ट्रेलियातील मुलगी शिष्यवृत्ती मिळवून मेलबर्नच्या विद्यापीठात गेली, ती प्रथम साहित्याच्या अभ्यासक्रमास. पुढे तिने वैद्यकशास्त्र घेतले आणि १९१० साली ती पदवीधर झाली. १९२० साली ती हिंदुस्थानात येऊन आंध्रातील गुंटूर येथे धर्मभगिनी झाली आणि तेथील रुग्णांची तिने अनेक वर्षे सेवा केली. १९४३ साली तिने देशातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालय व्हावे, ही तिची मनीषा होती. १९५७ साली ती निवर्तली. आणि १९६३ साली भारतीय बिशपांच्या परिषदेने बंगलोर येथे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. वैद्यकाचा मार्ग प्रत्येकास पहिल्याच पावलापासून सरळ लाभतो असे नाही, हे या चरित्रावरून दिसते. सेंट जॉन्समध्ये कॅथलिक विद्यार्थ्यांचा विशेष विचार होतो. परंतु तेथेही नीट परीक्षेतूनच जावे लागते आणि पुढे ग्रामीण सेवेचे बंधन असते. ज्यांना त्या दिशेने प्रयत्न करावयाचा आहे, त्यांनी बाप्तिस्म्याचा दाखला, फादरांचे पत्र आणि इतर प्रमाणपत्रे बारावीच्या वर्षातच तयार ठेवावीत. शेवटच्या आठवड्यातील धावपळीत चांगल्या गुणांची मुलेही मागे राहिलेली मी पाहिली आहेत.

आता दुसऱ्या मार्गांचा क्रमाने विचार करू.

पहिला आयुर्वेदाचा. बी. ए. एम. एस. हा अभ्यासक्रमही साडेचार वर्षे व एक वर्ष उमेदवारी असा आहे आणि त्यासही नीट परीक्षाच लागते. धाराशिवास शासकीय आयुर्वेद महाविद्यालय पुष्कळ वर्षांपासून आहे. परंतु एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. ही पदवी म्हणजे एम. बी. बी. एस.ची पायरी नव्हे. ती घेतल्याने मधल्या वर्गात प्रवेश मिळत नाही. म्हणून ज्यास आयुर्वेदशास्त्राविषयी आस्था आहे, त्यानेच ती घ्यावी. ‘नावामागे डॉक्टर लागेल’ एवढ्याच लोभाने घेतल्यास साडेपाच वर्षांनी मन खट्टू होते. दंतवैद्यकाचीही गोष्ट अशीच. ते स्वतंत्र शास्त्र आहे, कोणाची दुय्यम प्रत नव्हे.

दुसरा परिचर्येचा, म्हणजे बी. एस्सी. नर्सिंगचा. हा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यास राज्याची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असते. आपल्या समाजातील कित्येक घरे याच शिक्षणावर उभी राहिली आहेत, तरी ‘मुलगी नर्सिंगला गेली’ हे वाक्य आपण किंचित खालच्या आवाजात उच्चारतो. हे लाजिरवाणे आहे. ज्या मुलाची गोष्ट मी सांगितली, त्याच्याच वर्गात याच धर्मग्रामातील एक मुलगी होती. तिला त्याच्यापेक्षा थोडे अधिक गुण होते. तिलाही मी ‘आणखी एक वर्ष दे’ म्हणालो. ती म्हणाली, “सर, बाबांच्याने दोन खर्च व्हावयाचे नाहीत, मला रुग्णांत राहावयाचे आहे, ते मी परिचारिका होऊनही राहीन.” आज ती एका सरकारी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आहे. डॉक्टर न झाल्याचे तिला कधी वाईट वाटत नाही, असे ती म्हणत नाही. परंतु कामावर जाताना आपण चुकीच्या जागी चाललो आहोत, असे तिला वाटत नाही. मला वाटते, आपल्यापैकी थोड्याच मनुष्यांना इतके म्हणता येईल.

तिसरा मार्ग औषधनिर्माणशास्त्र, भौतिकोपचार, प्रयोगशाळातंत्र इत्यादींचा. चार वर्षांची बी. फार्म. पदवी राज्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षेतून मिळते. त्या परीक्षेचा अर्ज नीटच्या अर्जाबरोबरच भरून ठेवावा. कारण मागाहून तो भरता येत नाही, आणि एक वर्ष केवळ विस्मरणाने बुडते.

चौथा मार्ग सामान्य विज्ञानपदवीचा. रसायन, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र या विषयांची बी. एस्सी. आपल्या जिल्ह्यात राहून, थोड्या खर्चात करता येते. पुढील शिक्षणासाठी मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसरही धाराशिवास आहे. ही पदवी घेत असताना नीट परीक्षा पुन्हा देण्यास प्रत्यवाय नाही. परंतु पदवी हातात आली म्हणून त्या परीक्षेतून सुटका होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ज्या मुलांना प्रयोगशाळेत बसून एखाद्या गोष्टीचे कारण शोधण्यात आनंद वाटतो, त्यांना हा मार्ग पुढे संशोधनाकडे व अध्यापनाकडे नेतो.

दहावी उत्तीर्ण झालेल्यांस एक सूचना. अकरावीस जीवशास्त्र सोडू नये. झेपत असेल तर गणितही ठेवावे, म्हणजे अधिक दारे उघडी राहतात. ज्यांनी जीवशास्त्र सोडले आहे, त्यांनीही हताश होऊ नये. बारावीनंतर तो विषय अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही परीक्षेस बसू देण्याचे २०२३ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मान्य केले आहे. नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये, त्या वर्षीचे अधिकृत माहितीपत्रक स्वतः वाचावे.

परीक्षा किती वेळा द्यावी, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. २०२२ पासून या परीक्षेस वयाची वरची मर्यादा राहिलेली नाही, आणि किती वेळा द्यावी यासही मर्यादा नाही. ही सवलत उपकारक आहे, तशीच ती घातकही आहे. दार कधी बंद होत नाही, म्हणूनच कित्येकांचे तारुण्य उंबरठ्यावर सरते. दुसऱ्या प्रयत्नात यशस्वी झालेले विद्यार्थी मी स्वतः पाहिले आहेत, तेव्हा पुन्हा देऊच नये असे मी म्हणणार नाही. माझा नियम इतकाच : प्रवेशाच्या रेषेपासून अंतर थोडे असेल, चूक कोठे झाली हे मुलास स्वतः सांगता येत असेल, आणि कर्ज न काढता खर्च भागत असेल, तर एक वर्ष अवश्य द्यावे. दुसऱ्या वर्षी गुण ठळकपणे वाढले नाहीत, तर तेथे थांबावे. तिसरे वर्ष बहुधा आशेने दिले जात नाही. ते लोकलज्जेने दिले जाते.

परदेशी जाऊन वैद्यकीय पदवी घेण्याच्या जाहिराती आता आपल्या तालुक्याच्या गावांतही लागतात. तेथे जाण्यासही नीट परीक्षेत पात्र ठरावे लागते; आणि परत आल्यावर येथे काम करण्यासाठी आणखी एक चाळणी परीक्षा द्यावी लागते, जिच्यात अनेक सत्रांत चौथा हिस्साही उत्तीर्ण झालेला नाही. शेत विकून त्या वाटेने जाण्यापूर्वी हे वाक्य दोनदा वाचावे, अशी माझी विनंती आहे.

बंधुभगिनींनो, डॉक्टर हाच काय तो रुग्णसेवक, ही आपली समजूत किती अपुरी आहे, हे आपल्या जिल्ह्याने एकदा भयंकर रीतीने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. मी तेव्हा तरुण शिक्षक होतो. विद्यार्थ्यांना घेऊन मदतीस गेलो होतो. जखमींना सोलापूर व लातूरकडे नेत होते. शस्त्रक्रिया करणारे हात तेथे हवे होतेच. परंतु रात्रभर जागून पट्ट्या बदलणारे, औषध मोजून देणारे, रक्त तपासणारे आणि कित्येक महिने मोडलेल्या पायांना पुन्हा चालावयास शिकविणारे हात नसते, तर त्या शस्त्रक्रियांचा उपयोग काय झाला असता? त्या छावणीत कोणी कोणाची पदवी विचारली नाही.

मंगळुरास फादर म्युलर या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूने १८८० साली गरिबांसाठी जो दवाखाना काढला, त्याचा आज मोठा वृक्ष झाला आहे. तेथे होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार या शाखा आहेत. वैद्यकीय महाविद्यालय मात्र १९९९ साली, म्हणजे एकशेवीस वर्षे होत आली तेव्हा निघाले. त्याची वाट पाहत रुग्णसेवा थांबली नव्हती.

आता शेवटची गोष्ट. पालकांना माझे सांगणे असे की, बारावीच्या निकालापूर्वी एका संध्याकाळी, सर्व घर एकत्र बसून एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : पहिली निवड कोणती, दुसरी कोणती, प्रयत्न किती वेळा, आणि खर्च किती. त्या कागदावर मुलाची सही असावी आणि बापाचीही. निकालाच्या दिवशी तोच कागद वाचावा, शेजाऱ्यांची तोंडे वाचू नयेत. विद्यार्थ्यांना सांगणे असे की, निवड करण्यापूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस सिस्टरांच्या दवाखान्यात झाडलोट करण्यास, रुग्णांना पाणी देण्यास जावे. आपणास रुग्ण आवडतात की केवळ पांढरा कोट आवडतो, हे आठ दिवसांत कळते. आणि आपणा सर्व धर्मग्रामवासीयांना हात जोडून विनंती की, मिस्सेनंतर दारात उभ्या असलेल्या मुलास ‘किती गुण पडले?’ असे विचारण्याऐवजी ‘सध्या काय शिकतोस?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मुले मंदिरापासून दूर जातात, हे मी पाहिले आहे.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने फादरांनी शाळेतील एक खोली सायंकाळी अभ्यासासाठी उघडी ठेवण्याचे कबूल केले आहे. अर्ज भरण्यास व माहितीपत्रके समजावून देण्यास मी दर शनिवारी तेथे बसेन. कोणी सल्ला विचारण्यास आला, तर मी प्रथम त्यासच विचारीन, “आणि त्याबरोबर दुसरे काय शिकणार?”

पुण्याच्या त्या मुलास मी मागील महिन्यात पत्र लिहिले आहे. औषधनिर्माणशास्त्राची पदविका त्यास अजूनही घेता येईल. त्याची चौकशी करून मी त्यास कळविले आहे. त्याचे उत्तर आले, ते दोन ओळींचे आहे : महोत्सवास यावयास सुट्टी मिळाली नाही, परंतु अर्जाचा कागद पाठवावा. तो मी काल टपालात टाकला.